किट, रोख की काम?

दिवाळीच्या तोंडावर सोसायटीत वर्गणी जमते आणि प्रश्न पडतो: शेजारच्या वस्तीतल्या घरांना द्यायचं काय?

शिध्याचं किट सगळ्यांना सोयीचं वाटतं. हिशेब सोपा, वाटप एका सकाळीत उरकतं. पण त्यात बहुतेक गहू-तांदूळच असतात. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने 'प्राधान्य' यादीतल्या गरीब कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं, सर्वांत गरिबांच्या अंत्योदय कार्डावर घराला ३५ किलो, आणि २०२३ पासून तेही मोफत. म्हणजे तांदूळ घरात असतो; संपलेलं असतं तेल, तूरडाळ, गॅस. (कार्ड गावाकडचं असलं तरी शहरातल्या रेशन दुकानात धान्य उचलता येतं. ज्यांना हे ठाऊक नाही त्यांना सांगणं हीसुद्धा मदतच.) शिवाय रांग, बॅनर, फोटो. पिशवी घेताना तोंडावर पदर ओढणारी बाई त्या फोटोत ओळखू येते, आणि तो फोटो फिरत फिरत तिच्या मुलाच्या वर्गापर्यंत पोचतो. हे मला अजिबात मान्य नाही. किट हवंच, पण बाजार बंद पडतो तेव्हा. २०१९ च्या महापुरात सांगली-कोल्हापुरात दुकानंच पाण्याखाली होती. तिथे पैसे देऊन उपयोग नव्हता.

रोख म्हटलं की कुणीतरी हमखास म्हणतं, "दारूत घालवतील." जागतिक बँकेच्या अभ्यासकांनी २०१४ साली अनेक देशांतल्या रोख मदतीच्या पाहण्या एकत्र तपासल्या, तेव्हा दारू-तंबाखूवरचा खर्च वाढल्याचं त्यांना दिसलं नाही. आणि वाण्याची उधारी आधी मिटवायची की मुलीची फी भरायची, हे त्या घरातल्या बाईला आपल्यापेक्षा जास्त कळतं. तिच्या खात्यात पैसे गेले की शेजाऱ्यालाही पत्ता लागत नाही.

काम देण्याची वाट महाराष्ट्राच्या ओळखीची आहे. १९७२ च्या दुष्काळातल्या कामांतूनच रोजगार हमी कायदा उभा राहिला. लोकांनी खडी फोडली, पण मजुरी हक्काने मागितली. 'गूंज' ही संस्थाही गावकऱ्यांनी ठरवलेल्या कामाच्या बदल्यात कपडे देते. मात्र उगाच काढलेलं काम नको, आणि दर बाजाराचाच हवा. म्हाताऱ्या, आजारी किंवा नुकत्याच बाळंत झालेल्या बाईला कामाची अट घालणं तर क्रूरपणाच.

माझं मत रोखीच्या बाजूने. मदत घेणाऱ्यांची यादी सोसायटीतल्या दोघांपलीकडे कुणाला कळू देऊ नका, आणि रक्कम वसुबारसेच्या आठवडाभर आधी पाठवा, म्हणजे त्या घरातल्या बाईला खरेदी तिची तिला करता येईल.