बोट ठेवायची कुठे? बोया, पाँटून आणि रॅक, तिन्ही वापरून झाल्यावर

आमची बोट साडेपाच मीटरची, फायबरची, मागे एक आउटबोर्ड, म्हणजे बाहेरून लावलेलं इंजिन. आधी ती बोयाला, म्हणजे तळाशी साखळीने अडकवलेल्या तरंगत्या गोळ्याला, बांधलेली असायची, मग मरीनातल्या (बोटी ठेवायच्या बंदरातल्या) पाँटूनवर, म्हणजे तरंगत्या धक्क्यावर, आली आणि आता बरेच महिने कोरड्या रॅकवर आहे. म्हणजे शेडमध्ये एकावर एक मांडलेल्या लोखंडी चौकटींवर. तिथून फोर्कलिफ्ट तिला उचलते आणि पाण्यात सोडते. माझं मत आधीच सांगून टाकतो: सात मीटरच्या आतली आउटबोर्डवाली बोट असेल आणि ती सुट्टीच्या दिवशीच निघणार असेल, तर बाकीचे दिवस तिने पाण्याबाहेरच राहावं. याला अपवाद आहेत, पण कमी.

बोया सगळ्यात स्वस्त पडतो. जागा मोकळी, शेजारी लांब, बोट वाऱ्याबरोबर आपली आपण फिरते, त्यामुळे लाट बहुतेक वेळा समोरून येते. तोट्यांबद्दल मात्र कोणी आधी बोलत नाही. आमचा बोया ओहोटीला चिखलात उघडा पडायचा, त्यामुळे भरतीच्या आधी-नंतरचे दोन-अडीच तास एवढाच वेळ हातात. भरती रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते. सात दिवसांत ती जवळजवळ सहा तास सरकते. म्हणजे दिवसाला दोन भरत्या येतात अशा किनाऱ्यावर या रविवारी सकाळी दहाला भरती असेल, तर पुढच्या रविवारी त्याच सुमारास ओहोटी. ज्याला फक्त रविवारीच वेळ आहे, त्याचे निम्मे रविवार असे आधीच कापले जातात. बोया घ्यायचाच असेल तर उधाणाच्या ओहोटीला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, जाऊन बघा. तेव्हाही खाली पाणी उरत असेल तर प्रश्नच नाही.

पावसाचंही तसंच. आमच्यासारख्या उघड्या बोटीचं क्षेत्रफळ ढोबळमानाने 10 चौरस मीटर धरा. 100 मिलिमीटर पाऊस पडला की त्यात 1,000 लिटर पाणी येतं, म्हणजे एक टन. बोटीच्या तळातला बिल्ज पंप ते उपसेलही, पण बॅटरी टिकली तर. बोयावर वीज नसते. छोटं सोलर पॅनल आणि पाणी न साठू देणारं ताणलेलं कव्हर, या दोन्ही गोष्टी लागतात. शिवाय किनाऱ्यावरून बोटीपर्यंत जायला वेगळी छोटी होडी, आणि ती ठेवायलाही जागा! खालची साखळी आणि तिच्या कड्या वर्षातून एकदा काढून तपासाव्या लागतात. ते काम कोणाचं, हे करारात लिहून घ्या. विमा कंपनीही हाच प्रश्न विचारू शकते.

पाँटूनवर आलो तेव्हा चैन वाटली. गाडीतून उतरायचं, चालत जायचं, दोऱ्या सोडायच्या, निघायचं. पाँटून पाण्याबरोबर वर-खाली होतो, त्यामुळे भरतीसाठी दोरीला ढील ठेवायचा हिशेब नाही. बांधकामाच्या पक्क्या धक्क्यावर मात्र तो करावाच लागतो. तिथे आखूड बांधलेली बोट ओहोटीत लटकते. पाँटूनवरही कुठली जागा मिळते यावर खूप काही असतं. मरीनाच्या तोंडाजवळच्या जागेवर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक बोटीच्या लाटा बसतात. तिथे फेंडर (बोटीच्या बाजूला लटकवलेले धक्के झेलणारे फुगे) महिन्याभरात काळे होतात आणि दोरी क्लीटजवळ, म्हणजे ती बांधायच्या खुंटीजवळ, झिजते. वारा आडवा लागणारी जागाही एकट्याने बोट लावणाऱ्याला नको. तोंडापासून दूर, आतल्या बाजूला, वाऱ्याकडे तोंड करून राहता येईल अशी जागा मागा. चार पावलं जास्त चालावं लागेल, एवढंच.

पण पाणी ते पाणीच. गरम दिवसांत काही आठवड्यांतच तळाला शेवाळाचा बुळबुळीत थर धरला आणि मग बार्नेकल, म्हणजे कठीण कवचाचे चिकटून बसणारे जीव. हात फिरवला तर तळ किसणीसारखा लागत होता. एरवी चटकन पाण्यावर उचलली जाणारी बोट नाक वर करून पाणी ढकलत बसायची आणि पेट्रोल पीत राहायची. यावर अँटिफाउलिंग, म्हणजे हे सगळं चिकटू न देणारा, रंग हा उपाय, पण तांबं असलेला रंग आउटबोर्डच्या ॲल्युमिनियमच्या पायाला लावायचा नाही, तिथे गंज धरतो. त्याला बिनतांब्याचा वेगळा रंग येतो. इंजिन पूर्ण वर उचलून ठेवलं तरी काहींचं खालचं टोक पाण्यात राहतं. विकत घ्यायच्या आधी बघण्यासारखी गोष्ट आहे ही.

अॅनोडने, म्हणजे इंजिनाऐवजी स्वतः गंजण्यासाठी लावलेल्या धातूच्या तुकड्याने, तर मला चकित केलं. खाऱ्या पाण्यात जस्ताचा, गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचा, आणि ॲल्युमिनियमचा खाऱ्या-मचूळ दोन्हींत चालतो. आमचा जस्ताचा तुकडा बोयावर सावकाश झिजत होता, पाँटूनवर मात्र बघता बघता निम्म्याच्या खाली गेला, कडा चाळणी झालेल्या. चार्जर सतत किनाऱ्याच्या विजेला जोडलेला असायचा आणि अर्थिंगच्या तारेतून सगळ्या बोटी एकमेकींना जोडल्या जातात, त्यामुळे शेजाऱ्याचा गंजही आपला अॅनोड सोसतो. उपाय दोन: मध्ये गॅल्व्हॅनिक आयसोलेटर, म्हणजे तारेतला गंजवणारा बारीक प्रवाह अडवणारं उपकरण, बसवा, नाहीतर काम झालं की वायर काढून ठेवा.

रॅकवर हे सगळं संपलं. बोट बाहेर आली की गोड्या पाण्याने धुतात, इंजिनातून गोडं पाणी फिरवतात, वर शेड, ऊन नाही. तळ आजही नवा दिसतो आणि त्याला रंगाची गरज नाही. पण तक्रारीही आहेत. आदल्या दिवशी कळवलं नाही तर बोट वेळेवर खाली येत नाही. जोराच्या वाऱ्यात फोर्कलिफ्ट चालवत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. रविवारी संध्याकाळी सगळे एकदम परततात, तेव्हा रांगेत बोट धरून ताटकळावं लागतं. बोटीवर बसून स्वतः दुरुस्ती करायला परवानगी नाही. तळाला सेन्सर असेल तर फोर्कलिफ्टचे दात कुठे लागतात ते त्यांना एकदा समोर उभं राहून दाखवा. आणि तळाचं बूच ते काढून ठेवतात. ते परत कोण लावणार, हे पहिल्याच दिवशी ठरवा.

ट्रेलरवर घरी ठेवणं हाही पर्याय आहेच, पण तो अंगण मोठं आणि रॅम्प जवळ असेल तरच. रस्त्याने तापलेली चाकं लगेच पाण्यात घातली की बेअरिंग गार होताना पाणी आत ओढून घेतं. थोडं थांबावं लागतं, आणि खाऱ्या पाण्यानंतर ट्रेलरही धुवावा लागतो.

आणखी एक: भाडं लांबीवर असतं, आणि काही ठिकाणी आउटबोर्ड आणि पुढचा नांगराचा रोलर धरून लांबी मोजतात. कागदावरची साडेपाच मीटर तिथे सहाच्या वर जाते. करार करायच्या आधी टेप घेऊन स्वतः मोजा, आणि जागा बघायला रविवारी संध्याकाळीच जा.