थरथर सावरणारा मोटरचा चमचा: आमच्या ताईला दोन तारे, दुसऱ्या कुणाला कदाचित चार

जाहिरातीतल्या माणसाचा हात बारीक थरथरतो आणि चमचा मात्र एका जागी राहतो. ते खोटं नाही. मुठीत सेन्सर आहे, हात जिकडे जाईल त्याच्या उलट दिशेला मोटर चमचा ढकलते. माझ्या हाताने मुद्दाम थरथरवून पाहिला, सूप सांडलं नाही. ताईच्या हातात दिला आणि पहिलाच घास गालाला लागला.

ताईच्या मेंदूतली गाठ थॅलॅमस या खोलवरच्या भागाच्या खाली, मध्यमेंदूला लागून होती. ऑपरेशन नीट झालं, आणि काही महिन्यांनी उजवा हात आपोआप थरथरायला लागला. गाठ परत आली की काय, या धास्तीने एमआरआय केला, तसं काही निघालं नाही. न्यूरोलॉजिस्ट म्हणाले, हा होम्स ट्रेमर, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे येणारा एक कंप. न्यूरोलॉजिस्ट गॉर्डन होम्स यांनी 1904 मध्ये याचं वर्णन केलं होतं. मेंदूला इजा झाल्यावर तो आठवड्यांनी उगवतो, कधी वर्ष-दोन वर्षांनीही. हात मांडीवर ठेवला तरी हलतो, उचलला की वाढतो आणि तोंडाजवळ पोचता पोचता तर उसळतोच. वेग कमी, सेकंदाला साधारण साडेचार झोक्यांच्या आत, पण झोका मोठा. गोम तिथेच आहे. चमच्याचं टोक थोडंसंच इकडेतिकडे सरकू शकतं, ताईचा हात वीतभर जातो. मोटर बिचारी एका टोकाला जाऊन अडकते आणि घुर्र करत बसते.

पार्किन्सनचा किंवा इसेन्शियल ट्रेमरचा (काम करताना हात कापण्याचा एक सर्रास आढळणारा आजार) बारीक कंप असेल तर जरूर विचार करा. लहान मेंदूजवळच्या गाठीमुळे नेम चुकत असेल, हात पिळवटत असेल किंवा अचानक फेकला जात असेल, तर पैसे घालवू नका.

आमच्याकडे शेवटी काय चाललं? ऑक्युपेशनल थेरपिस्टने (रोजची कामं जमवायला मदत करणाऱ्या तज्ज्ञाने) सुचवलेला जड मुठीचा साधा चमचा, उंच काठाचं ताट, ताटाखाली न घसरणारी चटई, आणि दोन्ही कोपरं टेबलावर टेकून खाणं. मनगटाला वजनाचा पट्टाही बांधून पाहिला. कंप दबतो, पण ताईचा तोच हात अशक्त आहे, जेवण अर्ध्यावर येईतो तो दमतो. पट्टा कपाटात गेला. लेव्होडोपा या पार्किन्सनवरच्या औषधाने थोडा उतार पडला. सगळ्यांनाच पडतो असं नाही.

आणखी एक, चमच्याशी थेट संबंध नाही तरी लिहितो. खरेदीआधी औषधांची यादी डॉक्टरांना दाखवा. फिटसाठीच्या व्हॅल्प्रोएटनेही हात कापतात, उलटीवरच्या मेटोक्लोप्रमाइडने तर पार्किन्सनसारखा ताठरपणा येऊ शकतो. गोळी मनाने बंद करू नका, बदलून मिळते. आणि झटके लयीत, एकाच बाजूला, थांबता थांबत नसतील तर ती फिट असू शकते, तिथे चमच्याचा प्रश्नच येत नाही, तातडीने दवाखाना गाठा.

बाकी चार्जिंग बरं टिकतं. टोक काढून धुता येतं, मूठ मात्र पाण्यात बुडवायची नाही. परत करायला गेलो तेव्हा कळलं, वापरलेलं टोक विकणारे परत घेत नाहीत. खोकं फोडण्याआधी परतीची अट वाचा, जमलं तर थेरपिस्टकडचा नमुना मागून एक जेवण काढून बघा.