एईयूएक्स वापरून बघितलं: फिग्मातला फॉन्ट आफ्टर इफेक्ट्समध्ये तेवढाच राहतोय काय?

एईयूएक्स म्हणजे फिग्मा या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधलं काम आफ्टर इफेक्ट्स या व्हिडिओ ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये नेणारं प्लगिन. मी बेळगावात शहापूरला बसून लग्नपत्रिका, हँडबिलं आणि हल्ली एलईडी स्क्रीनचे व्हिडिओ असं सगळंच करतोय. मागच्या दिवाळीत एका साडीच्या दुकानाचं हँडबिल फोटोशॉपला ए4 मापात, इंचाला 300 पिक्सेल रिझोल्युशनवर केलं, ऑफरची ओळ 24 पॉइंटला. तीच फाईल आफ्टर इफेक्ट्समध्ये घेतली आणि खाली नवीन ओळ 24 नेच टाइप केली तर अक्षरं मुंग्यांएवढी! अर्धी रात्र फॉन्टलाच शिव्या घातल्या, पण चूक माझीच, फोटोशॉप पॉइंट मोजत होतं आणि आफ्टर इफेक्ट्स पिक्सेल मोजतंय, इंचाला 72 पॉइंट, म्हणजे 300 वर 24 पॉइंटचे 100 पिक्सेल होतात की. व्हिडिओसाठी फाईल पहिल्यापासून 72 वर केली तर एक पॉइंट म्हणजे एक पिक्सेल, भानगडच नाही.

तेव्हापासून व्हिडिओचं डिझाइन फिग्मात आणि तिथून एईयूएक्स. फुकट आहे. फिग्मात प्लगिन आणि आफ्टर इफेक्ट्समध्ये पॅनेल असं दोन ठिकाणी टाकावं लागतंय, पहिल्यांदा जरा डोकं खातंय. पण मग फ्रेम 360 बाय 640 पिक्सेलची असली तरी 3 पट निवडायचं, 1080 बाय 1920 तयार, आणि 32 चं हेडिंग 96 होऊन येतंय, तेही खरं टेक्स्ट, बदलता येणारं. ही गोष्ट लई आवडली. नाहीतर आमच्यातले बरेच जण लेयरचा स्केल 240 टक्के करून ठेवतात, आकडा दिसतो 30, पडद्यावर असतात 72, मग दुसऱ्यानं फाईल उघडली की बोंब.

आता आपल्या भागाचं दुखणं. कर्नाटकात दुकानांच्या बोर्डावर 60 टक्के कन्नडचा नियम आल्यापासून व्हिडिओतही गिऱ्हाईक कन्नड वर आणि मराठी खाली मागतंय. मी बालू फॉन्टच वापरतोय, मराठीला बालू 2, कन्नडला बालू तम्मा 2, दोन्ही एक टाइपचे. पण दोन्ही 96 ला ठेवले तरी डोळ्याला सारखे वाटत नाहीत, कन्नड गोल गोल आणि त्यांची जोडाक्षरं खाली लटकतात, आपली शिरोरेषा आणि वर वेलांट्या, रफार. तिथं कुठलंच प्लगिन कामाचं नाही, दोन-चार पिक्सेल इकडं तिकडं करून डोळ्यानंच बघायचं आणि ओळींमधलं अंतर वाढवायचं. आणि हो, आफ्टर इफेक्ट्समध्ये टाइपच्या प्रेफरन्सेसमध्ये साउथ एशियनवालं टेक्स्ट इंजिन निवडा, नाहीतर जोडाक्षरं फुटतात. फॉन्ट पण कॉम्प्युटरवर इन्स्टॉल पाहिजे, फिग्मात दिसला म्हणून आफ्टर इफेक्ट्सला सापडंल असं नाही.

एईयूएक्सला पाचपैकी चार. इलस्ट्रेटरवाल्यांना असंच काम करणारं ओव्हरलॉर्ड आहे, पण ते पैसे देऊन घ्यायचं, आणि आमचं गिऱ्हाईक रील म्हटलं की 500 रुपयांच्या वर बोलायलाच तयार नाही, तिथं एवढं फुकटचंच बरं.