जुनी युनिसॉ: पातं कलवण्यात ढील असेल तर घ्यावी का?

डेल्टा कंपनीची युनिसॉ ही टेबल सॉ, म्हणजे टेबलातून वर आलेल्या गोल पात्याने लाकूड कापणारी करवत, अमेरिकेत १९३९ साली आली. १० इंची पातं, तीन व्ही-बेल्ट, टेबल आणि आतली ट्रनियन (पातं आणि मोटर पेलणारा, कलणारा सांगाडा) बिडाची. शाळांच्या वर्कशॉपपासून फर्निचरच्या कारखान्यांपर्यंत ती राबली, म्हणून तिकडच्या सेकंडहँड बाजारात आजही सहज सापडते. पाहायला गेलं की एक दोष मात्र हमखास दिसतो: कलवायचं हँडव्हील सैल, आणि ९० अंशांना गुण्या लावला तर आज बसतो, उद्या नाही.

चाक रिकामं फिरणं आणि पातं हलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दिशा बदलताना चाक आठवा हिस्सा रिकामं फिरलं, तर वर्म-गिअरच्या यंत्रणेत (चाकाच्या शाफ्टवरचा वर्म, म्हणजे स्क्रूसारखा गिअर, ट्रनियनच्या दातेरी अर्धगोलाला फिरवतो) ते चालतं. कोन ठरवताना दरवेळी एकाच दिशेने येऊन थांबायचं, की झालं. लॉक आवळल्यावरही पातं हललं तर मात्र शोध घ्यावा लागतो. चाकाच्या मध्यावरची लॉकची गुंडी फक्त शाफ्ट धरते, ट्रनियन नाही. वर्म आणि दात यांच्यातली ढील गुंडी कितीही आवळली तरी जात नाही, उलट आटे जातात.

तपासताना प्लग काढा. डायल इंडिकेटर (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं मापयंत्र) टेबलावर ठेवून टोक पात्याच्या अंगाला टेकवा, दातांना नाही. पात्याला ढकलू नका, ते स्वतःच लवतं. बाजूचं दार उघडून मोटर धरा आणि हलवा. टेबलापासून ३ इंचांवर काटा ०.००५ इंच सरकला तर फरक जवळपास ०.१ अंशाचा; एवढं बहुतेक कामांत खपतं. जास्त असेल तर दुसऱ्याला मोटर हलवायला सांगून टॉर्चने आत बघा, काय हलतंय आणि काय स्थिर आहे.

शाफ्ट आतबाहेर सरकत असेल तर कॉलरचा सेट स्क्रू ढिला किंवा वॉशर झिजलेले. शाफ्ट स्थिर पण वर्म जागेवर वळवळतोय, तर त्याची पिन गेली. दोन्ही स्वस्तातली कामं. वर्म स्थिर आणि दातेरी अर्धगोल हलतोय, तर ढील दातांतली. ती एक्सेंट्रिक स्लीव्ह (शाफ्टभोवतीची मध्य सरकवलेली नळी, जी फिरवली की वर्म दातांच्या जवळ येतो) फिरवून काढता येते. दाते स्थिर राहून आर्बर (पातं बसवलेला दांडा) हलला तर कलवण्याच्या यंत्रणेचा दोषच नाही. बेअरिंग किंवा पातं वरखाली करणारा भाग बघा.

स्लीव्हला हात लावण्याआधी दाते साफ करा. भुसा आणि डिंक मिळून दातांच्या बुडाशी खडीसारखा थर बसतो. पितळी ब्रश आणि मिनरल स्पिरिटने तो निघतो. ९० अंशांच्या स्टॉप स्क्रूच्या (पातं उभं झालं की त्याला अडवणारा स्क्रू) डोक्यावरचाही पुसा, नुसत्या तेवढ्या भुशाने कोन चुकतो. मग पातं ० (म्हणजे उभं) ते ४५ अंश पूर्ण कलवून बघा. मशीनचं आयुष्य बहुतेक उभ्या पात्यावर जातं, त्यामुळे तिथलेच दाते जास्त झिजतात. त्या जागी ढील शून्य केलीत तर मधल्या कोनात चाक जाम होतं. स्लीव्ह सगळ्यात घट्ट जागी लावायची आणि उभ्या पात्यापाशी थोडी ढील राहू द्यायची. वंगण म्हणून कोरडं मेण घासा. तेलावर भुसा पुन्हा चिकटतो.

एवढ्या ढिलीसाठी मशीन नाकारण्यात अर्थ नाही, भाव करण्यात आहे. नाकारायची ती ट्रनियनला तडा किंवा वेल्डिंगचा डाग दिसला तर. हा तडा बहुधा वाहतुकीत जातो: मशीन आपटली की मोटरचं सगळं वजन बिडावर येतं. म्हणून घरी आणतानाही मोटरखाली लाकडाचा ठोकळा घालून तिचा भार त्यावर टेकवा, आणि मगच मशीन ट्रकवर चढवा.