सहा पॅनल चढली, सबसिडी आलीच नाही: बडोद्यातल्या एका सोलर फसवणुकीची चिरफाड

वाघोडिया रोडवरच्या एका निवृत्त मराठी जोडप्याने छतावर ३ किलोवॉटची सोलर बसवून घेतली. जवळपास सगळे पैसे आगाऊ दिले. सहा पॅनल चढली, इन्व्हर्टरचा दिवा हिरवा झाला, विक्रेत्याने फोटो काढले आणि मग त्याने फोन उचलणे बंद केले. पुढचे लाइटबिल वाढून आले. ७८,००० रुपयांच्या सबसिडीचा पत्ता नाही. कोळशाची वीज कमी व्हावी म्हणून म्हातारपणची पुंजी घालणाऱ्या माणसांना असे लुबाडणे संतापजनक आहे. यातली एकेक युक्ती पैसे देण्याआधी पकडता येते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहोत.

सुरुवात नोंदणीपासून झाली. ‘काका, सबसिडी आम्ही आत्ताच वजा करून देतो, तुम्ही फक्त ओटीपी सांगा.’ फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत १ किलोवॉटला ३०,०००, २ किलोवॉटला ६०,००० आणि ३ किंवा जास्त किलोवॉटला ७८,००० रुपये मिळतात. ही रक्कम सिस्टम सुरू होऊन तपासणी झाल्यावर थेट ग्राहकाच्या बँक खात्यात येते. इथे विक्रेत्याने पोर्टलवर स्वतःचा मोबाइल नंबर टाकला, त्यामुळे अर्ज कुठे अडलाय हे घरच्यांना कधी दिसलेच नाही. नोंदणी आपल्याच मोबाइलवरून करा आणि विक्रेता एमजीव्हीसीएलच्या (बडोद्याला वीज पुरवणारी सरकारी कंपनी) यादीतला आहे का ते तिथेच बघा. १० किलोवॉटपर्यंत तांत्रिक व्यवहार्यतेची वेगळी तपासणी लागत नाही. म्हणजे ‘मंजुरीसाठी वर द्यावे लागतात’ असे सांगून मागितलेले पैसे सरळ त्याच्या खिशात जातात.

आता पॅनल. सबसिडीसाठी सेल आणि पॅनल दोन्ही भारतात बनलेली, म्हणजे डीसीआर, असावी लागतात. ती महाग पडतात, म्हणून कागद डीसीआरचे आणि माल दुसराच, असा प्रकार होतो. मागचा स्टिकर बदलता येतो, पण काचेच्या आत लॅमिनेट केलेला बारकोड बदलणे सोपे नाही. पॅनल चढवण्याआधी, खाली जमिनीवर असतानाच, दोन्हीकडचे सीरियल नंबर जुळतात का बघा, प्रत्येकाचा फोटो काढा आणि नाइस या राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेच्या डीसीआर पोर्टलवर नंबर टाकून पाहा. एकदा स्ट्रक्चरवर बोल्ट आवळले की मागची बाजू बघायला कोणी शिडी लावत नाही.

या घरात स्टिकर ५४० वॉटचा होता. टेप लावली तेव्हा पॅनल १९६० बाय ९९० मिलिमीटर निघाले. हे माप जुन्या ७२ सेलच्या, साधारण ३३५ वॉटच्या पॅनलचे. १४४ अर्ध्या सेलचे ५४० वॉटचे पॅनल साधारण २२७८ बाय ११३४ भरते. म्हणजे कागदावर ३.२४ किलोवॉट आणि छतावर जेमतेम २!

विक्रेते मल्टीमीटर लावून व्होल्टेज दाखवतात, त्यावर जाऊ नका. ५४० वॉटची सहा पॅनल एका माळेत जोडली तर उघड्या सर्किटला सुमारे २९७ व्होल्ट येतात, ३३५ वॉटच्या सहांना २७६. बडोद्याच्या मे महिन्यात पॅनल ६० अंशांच्या वर तापते आणि व्होल्टेज दहा टक्के सहज उतरते, मग हा फरक हरवून जातो. अँपिअर मात्र लपत नाहीत. निरभ्र दिवशी भर दुपारी चांगल्या ५४० वॉटच्या माळेतून १२ अँपिअरच्या आसपास प्रवाह जातो, ३३५ वॉटवाली ९ च्या पुढे सहसा सरकत नाही. हा आकडा इन्व्हर्टरच्या स्क्रीनवर किंवा अ‍ॅपमध्ये डीसी करंट म्हणून दिसतो. महिन्याला ३ किलोवॉटमागे ३५० युनिटांच्या आसपास धरून चाला, पावसाळ्यात कमी.

बिल वाढले त्याचे कारण मीटर. नेट मीटर, म्हणजे आत येणारी आणि बाहेर जाणारी वीज वेगवेगळी मोजणारे मीटर, बसण्याआधीच सिस्टम चालू करून दिली होती. बरेच जुने इलेक्ट्रॉनिक मीटर बाहेर गेलेली वीजही वापर म्हणूनच मोजतात. नेट मीटर लागून एमजीव्हीसीएलची तपासणी होईपर्यंत डीसी (पॅनलकडचा) आणि एसी (घराकडचा), दोन्ही स्विच बंद ठेवा. ‘लाइट गेली तरी पंखे चालतील’ हेही खोटे होते. बॅटरीविना असलेला ग्रिड-टाय, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनला जोडलेला, इन्व्हर्टर वीज जाताच मुद्दाम बंद होतो, नाहीतर खांबावर काम करणाऱ्या वायरमनचा जीव जाईल. अर्थिंगही एकच खड्डा करून उरकले होते. आकाशातल्या विजेपासून वाचवणारा वीजरोधक (लाइटनिंग अरेस्टर), डीसी आणि एसी यांचे तीन वेगळे खड्डे हवेत.

पैसे टप्प्याने द्या: थोडे करारावर, मोठा हप्ता सीरियल नंबर तपासून माल उतरल्यावर, आणि निदान दहा टक्के नेट मीटर लागल्यानंतर. रोख नको. बिलावर जीएसटी बघा. सप्टेंबर २०२५ पासून सिस्टमच्या ७० टक्के किमतीवर ५ आणि ३० टक्क्यांवर १८, म्हणजे एकूण ८.९ टक्के बसतो. जुन्या दराने १३.८ लावला असेल तर हिशेब मागा. कराराच्या प्रतीवर पाच वर्षांची देखभाल लिहून घ्या.

फसवणूक झालीच असेल तर मोजमापाचे फोटो, करार आणि बँकेच्या नोंदी घेऊन एमजीव्हीसीएलच्या विभागीय कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. योजनेची हेल्पलाइन १५५५५, ग्राहक हेल्पलाइन १९१५. ओटीपी घेऊन खात्यातून पैसे गेले असतील तर आधी सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३०, त्याच तासात.