मायक्रोटिक हेक्स: दोन लाइनींसाठी घ्यावा का?

जळगाव एमआयडीसीत चटईची गाडी भरून उभी आणि ई-वे बिल काढायच्या वेळी नेट गायब. रस्त्याच्या कामात जेसीबीने फायबर तोडली की हे ठरलेलंच. म्हणून दोन कंपन्यांच्या लाइनी घेतल्या जातात, पण केबल बदलायला माणूस उठावाच लागतो. ते काम मायक्रोटिक कंपनीचा हेक्स (आरबी७५०जीआर३) हा राउटर चोख करतो. पाच गिगाबिट पोर्ट, २५६ एमबी रॅम. वायफाय मात्र वेगळं लावावं लागतं.

बसवताना आधी पत्ते बघा. दोन्ही ओएनयू (फायबर ज्यात येते ते कंपन्यांचे डबे) बहुधा १९२.१६८.१.१ वरच असतात, एकाचा १९२.१६८.२.१ करून घ्या. दुसरी लाइन पोर्ट २ ला लावा; तो पोर्ट ब्रिजमधून (आतल्या पोर्टांच्या गटातून) काढून वॅन, म्हणजे बाहेरच्या लाइनींच्या, यादीत टाका. हे राहिलं तर मास्करेड (आतले पत्ते बाहेरच्या पत्त्यामागे लपवणारा नियम) लागू होत नाही, लाइन बदलते पण एकही पान उघडत नाही.

खरी गोम ‘चेक गेटवे’त, म्हणजे लाइन जिवंत आहे का ते तपासणाऱ्या सोयीत आहे. तो दर १० सेकंदांनी गेटवेला, म्हणजे ओएनयूला पिंग करतो. फायबर बाहेर खांबावर तुटली तरी टेबलावरचा ओएनयू उत्तर देतच राहतो आणि राउटर मेलेल्या लाइनीला चिकटून बसतो. त्यामुळे तपासणी ओएनयूच्या पलीकडे न्या: ८.८.८.८ (गुगलचा डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून पत्ता सांगणारा सर्व्हर) याचा रूट (वाट) पहिल्या लाइनीतून, स्कोप १०. मग डिफॉल्ट रूटचा (बाकी सगळ्या रहदारीच्या वाटेचा) गेटवे ८.८.८.८, टार्गेट स्कोप ११, डिस्टन्स १, चेक गेटवे पिंग. दुसऱ्या लाइनीचा साधा डिफॉल्ट रूट, डिस्टन्स २; लहान आकडा आधी वापरला जातो. आता ८.८.८.८ फक्त पहिल्या लाइनीतूनच जातो, म्हणून कॉम्प्युटरना तो डीएनएस म्हणून देऊ नका. लाइन पडली की नावंच सापडणार नाहीत.

दोन्ही लाइनी एकाच वेळी वापरायच्या तर पीसीसी (जोडण्या दोन लाइनींत वाटणारी सोय) आहे. त्यात ‘बोथ ॲड्रेसेस’ निवडा, म्हणजे एक कॉम्प्युटर एका सर्व्हरशी एकाच लाइनीतून बोलतो; नाहीतर बँकेची साइट मध्येच लॉगआउट करते. फास्टट्रॅकचा (रहदारी झटपट पुढे पाठवणारा) नियमही बंद करा; तो मँगलला, म्हणजे पीसीसीची खूण करणाऱ्या नियमांना, वळसा घालतो. मग प्रोसेसरवर भार वाढतो, ते धरून चाला.

लाइन बदलली की बाहेरचा पत्ता बदलतो, त्यामुळे चालू व्हीपीएन तुटणारच. पत्ता कायम हवा तर बीजीपी (आपले पत्ते दोन्ही कंपन्यांमार्फत इंटरनेटला कळवणारी पद्धत) लागतो: स्वतःचा किमान /२४ (२५६ पत्त्यांचा) पट्टा, एएस नंबर (आपल्या नेटवर्कचा ओळख क्रमांक) आणि दोन्ही कंपन्यांची तयारी. दहा लाखांच्या घरातलं इंटरनेटचं पूर्ण रूट टेबल (वाटांची यादी) हेक्सच्या आवाक्याबाहेर आहे.

चाचणीला लॅन केबल उपसू नका. ओएनयूची हिरव्या टोकाची फायबर काढा. लॉसचा (सिग्नल नसल्याचा) लाल दिवा लागल्यावर वीसेक सेकंदांत दुसरी लाइन चालू व्हायला हवी. आणि दोन्ही फायबर एकाच खांबावरून येत नाहीत ना, तेही दारात जाऊन बघा.