जिप्सीचा कार्बोरेटर: जुनाच उघडायचा की नवा बसवायचा?

मारुती जिप्सी रखडली की पहिला आळ कार्बोरेटरवर, म्हणजे हवा-पेट्रोल मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागावर, येतो आणि बरेचदा तो बिचारा निर्दोष असतो. म्हणून खर्चाचा हिशेब मांडण्याआधी प्लग, डिस्ट्रिब्युटर कॅप, टायमिंग आणि पेट्रोल फिल्टर पाहून घ्या. व्हॅक्यूमचे पाइप चालू इंजिनवर एकेक करून चिमटीत दाबा. जो दाबल्यावर आयडलिंग सुधारलं, तो फुटका. माझ्या गाडीत असे दोन निघाले. एवढं करूनही सिग्नलला गाडी हुंदके देत असेल, तर मग आपला विषय सुरू होतो.

माझी 1998 ची जिप्सी किंग. 2000 नंतरची एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनवाली) असेल तर तुम्ही सुखी आहात, पुढे वाचायची गरज नाही. जुन्या गाडीवर एमपीएफआय चढवायचाही विचार करून झाला, पण वायरिंग, ईसीयू (इंजेक्शन चालवणारा कॉम्प्युटर), टाकीतला पंप असा पसारा ऐकून मी तो सोडला. उरले दोन मार्ग: बाजारातला नवा, कॉपीचा कार्बोरेटर किंवा जुन्याचीच दुरुस्ती. मी दोन्ही करून बसलोय, तेही उलट्या क्रमाने.

आधी नवा बसवला. अर्ध्या दिवसात काम झालं. डिसेंबरच्या थंडीत अर्ध्या चोकवर गाडी सुरू व्हायची, आयडलिंग लोण्यासारखं. नागपूरहून सिल्लारीपर्यंत जाऊन आलो, मनसरला चहाला थांबलो, परत किल्ली फिरवली की चालू. अ‍ॅव्हरेज किंचित कमी वाटलं, पण मी काही मोजायला बसलो नाही. एप्रिलपर्यंत मी चार जणांना हाच घ्या म्हणून सांगूनही टाकलं होतं.

मग नवतपा लागला, मे अखेरचे ते सगळ्यात तापलेले नऊ दिवस.

दुपारी वर्धा रोडवर पेट्रोल भरलं, पैसे देऊन आलो आणि किल्ली फिरवली. स्टार्टर फिरतोय, इंजिन पकडत नाही. मागे हॉर्नची रांग. उन्हाळ्यातला ठरलेला संशय म्हणजे व्हेपर लॉक (पाइपातच पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटणं), म्हणून गाडीतला दुपट्टा भिजवून इंजिनाच्या पेट्रोल पंपावर टाकला. काही उपयोग नाही. वीस मिनिटांनी आपोआप चालू झाली. हे तिसऱ्यांदा झालं तेव्हा मी एअर फिल्टरची टोपी काढून कार्बोरेटरच्या घशात टॉर्च मारला. इंजिन बंद, आणि नोझलमधून पेट्रोल टप टप खाली गळतंय.

व्हेपर लॉकमध्ये इंजिन उपाशी असतं. इथे त्याला अजीर्ण झालं होतं. पेट्रोलमधले हलके घटक 40 अंशांच्या आसपासच उकळायला लागतात. इंजिन बंद केलं की मॅनिफोल्डची धग वर चढते, कार्बोरेटरमधल्या फ्लोटच्या वाटीत साठलेलं पेट्रोल उकळतं आणि त्या वाफेला बाहेर पडायला वाट हवी. माझ्या जुन्या कार्बोरेटरला ती वाट होती. नव्यावर नळीचा आकार तेवढा ओतलेला होता, आत भोकच नव्हतं! कोंडलेली वाफ पेट्रोलला नोझलमधून बाहेर ढकलत होती. अशा वेळी अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरायचा, पंप करायचा नाही आणि मग स्टार्टर मारायचा. गाडी चालू होते. पण बायको शेजारी, मागे रांग आणि केबिनभर पेट्रोलचा वास, असं रोज कोण करणार?

सगळ्या कॉप्या अशाच असतात असं मी म्हणणार नाही. माझी होती.

जुना काढला होता तो आयडलिंग वरखाली व्हायचं म्हणून. दोनदा किट टाकून झालं होतं, आठवड्यात मूळपदावर. कामठी रोडवरच्या एका लेथवाल्या काकांनी थ्रॉटलचा दांडा दोन बोटांत धरून हलवला आणि म्हणाले, "भाऊ, किट टाकून काय होते? शाफ्टच खेळून राहिला न!" किटमध्ये गॅस्केट, नीडल, डायफ्रॅम येतात, दांड्याभोवती झिजलेलं भोक त्याने भरत नाही आणि तिथून हवा आत शिरत राहते. गाडी आयडलिंगला ठेवून दांड्याच्या टोकाशी क्लीनरचा हलका फवारा मारा, आरपीएम बदलला तर रोग तोच. इंजिन तापलेलं असताना मात्र हा प्रयोग नको. काकांनी पितळी बुश बसवून दिले. एक जेट (पेट्रोल मापात सोडणारं बारीक भोक) आधीच्या कोणीतरी तारेने कोरून मोठं केलेलं होतं, ते दुसऱ्या एका मेलेल्या कार्बोरेटरमधून आणलं. जेट साफ करायला हवेचा दाब पुरतो, तार नको.

सगळं मिळून तीन आठवडे गेले. नव्यापेक्षा खर्च थोडा कमी, डोकेदुखी दुप्पट. आजही पिकअपला क्षणभर गाडी अडखळते, जानेवारीत चोक दोन-तीन मिनिटं ओढून ठेवावा लागतो, आणि वर्षातून दोनदा मिक्स्चरच्या स्क्रूशी बसावं लागतं. इथेनॉलच्या पेट्रोलने मिश्रण थोडं लीन होतं, म्हणजे हवा जास्त पडते, म्हणून मी तो स्क्रू जरासा मोकळाच ठेवतो. जुने रबरी पाइपही त्याच वेळी बदलून टाकले. पण मागच्या नवतप्यात त्याच पंपावर, त्याच उन्हात, गाडी दुसऱ्या हेलकाव्यात चालू झाली.

तुमच्या जुन्याची बॉडी तडकली असेल, बूड वाकलं असेल, किंवा गाडी महिनाभर उभी ठेवणं परवडत नसेल, तर नवा घेण्यात काही चूक नाही. फक्त दुकानातच वाफेच्या त्या नळीत फुंकून पाहा. दुकानदार हसेल, हसू द्या. आणि काढलेला जुना कार्बोरेटर मेकॅनिककडे सोडून येऊ नका. माझा पेपरात गुंडाळून माळ्यावर होता म्हणून वाचलो.